ब्लीडिंग एज म्हणजे नक्की काय?

'कटिंग एज' म्हणजे अत्याधुनिक, एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण 'ब्लीडिंग एज' हा त्याच्याही पुढचा प्रकार. टेक्नॉलॉजी इतकी कोरी की अजून नीट टेस्टच झालेली नाही, धार एवढी की वापरणाऱ्याचंच बोट कापतं, म्हणून ब्लीडिंग (शब्द मुद्दाम चिडवायला केल्यासारखाच आहे). आपल्याकडे 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' म्हणतात ना, त्यातला ठेच खाणारा पुढचा तो हाच.

२०१९ चा सॅमसंगचा पहिला घडी होणारा फोन, गॅलेक्सी फोल्ड, आठवा, रिव्ह्यूवाल्यांच्या हातात काही दिवसांतच स्क्रीन बिघडले, काहींनी तर वरचा थर साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला, आणि एप्रिलचं लाँच थेट सप्टेंबरवर गेलं. ते ब्लीडिंग एज. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकारांमध्ये, सतत नवेकोरे अपडेट देणाऱ्या आर्चला तसं म्हणतात, नीट पारखलेलंच सॉफ्टवेअर देणाऱ्या डेबियन स्टेबलला कुणी म्हणणार नाही.

वापरताना एक बघा, सीव्हीत किंवा क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये भारी वाटतं म्हणून 'आमचं प्रॉडक्ट ब्लीडिंग एज आहे' असं ठोकू नका, जाणकार माणूस त्याचा अर्थ 'कधीही बंद पडेल' असाच घेतो. तिथे कटिंग एज बरं. 'हे अपडेट अजून ब्लीडिंग एज आहे, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको टाकू', हा झाला बरोबर वापर.