बाल न्याय मंडळात वकिली सुरू करताय? वयासाठी शाळेच्या टीसीवर भरवसा ठेवू नका

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव आलं की नवीन वकिलाच्या हातात बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अठराच्या आतल्या पोरांच्या, फाईली येतात, कारण सिनियर लोकांना त्यात पैसा दिसत नाही. खरंय, पैसा नाहीच. मी स्पष्ट सांगतो, यावर घर चालणार नाही, सोबत मोटार अपघाताचे क्लेम नाहीतर दिवाणी काहीतरी धरून ठेवा. पण घाबरूही नका, काम शिकता येतं आणि लेकरू सुटून बापासोबत जाताना दिसलं की बरं वाटतं, दुसरं काय सांगू.

बाल न्याय कायदा 2015 चा, लागू झाला 15 जानेवारी 2016 ला, कलमं तुम्ही वाचलेली असणारच. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी बाई. तिथं मोठ्या आवाजात ऑर्ग्युमेंट करायची हौस बाहेर ठेवून जा. त्या दोन सदस्यांना काही वकील किंमतच देत नाहीत, सगळं मॅजिस्ट्रेटकडं बघून बोलतात, आणि मग घरची परिस्थिती विचारली की यांच्याकडं उत्तर नसतं.

आता मुद्द्याचं. वय. मला सगळ्यात जास्त याच गोष्टीनं रडवलंय म्हणून जरा लांबण लागंल.

ऊसतोड कुटुंबातलं पोरगं होतं. गाव आणि गुन्हा सांगत नाही, पोराची ओळख उघड करायला बंदी घालणारं कलम 74 आपल्यालाही लागू आहे, केस जिंकली की पोरासोबतचा फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांनी हे वाचा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तर पोलिसांनी आधार कार्ड बघितलं, त्यावर अठरा पूर्ण, साध्या कोर्टात हजर केलं आणि तिथून पोरगं थेट मोठ्यांच्या जेलात. बाप टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन आला, तिच्यावर वय सतराच्या आत. मला वाटलं संपला विषय, पोरगं बालक आहे हे ठरवून घ्यायला कलम 9 खाली अर्ज टाकला. सरकारी वकिलानं शांतपणे सुप्रीम कोर्टाचा 2023 चा पी. युवाप्रकाश निकाल काढला, की शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे वय ठरवायच्या कलम 94 मधला पुरावा नाही. मी बघतच राहिलो.

कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे आणि तो सोडून चालत नाही. आधी शाळेनं दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि आदेश झाल्यापासून पंधरा दिवसांत. आधार या यादीत कुठंच नाही. टीसी पण नाही. टीसी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना मिळते, त्यात मागच्या शाळेनं लिहिलेलं पुढं उतरवलेलं असतं, आणि आपल्याकडं पोरगं सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावात, मधेच आश्रमशाळेत, मग नावात आणि तारखेत घोळ होणार नाही तर काय होणार.

म्हणून पहिलीला नाव घातलं ती शाळा शोधा. पुन्हा सांगतो, पहिलीची शाळा, शेवटची नाही. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर काढायला लावा, त्यातली मूळ नोंद डोळ्यांनी बघा, त्यावरून जन्मतारखेचं स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की रजिस्टर घेऊन साक्षीला यावं लागंल. आमच्या केसमध्ये ते गुरुजी खरोखर रजिस्टर काखेत मारून आले, तेव्हा कुठं पोरगं जेलातून निरीक्षणगृहात हललं. तोवर गेलेले दिवस गेलेच. खरं तर कलम 9(4) नुसार वयाची चौकशी चालू असताना त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवता येतं. ते अर्जातच मागायचं असतं, नाही मागितलं तर कुणी आपणहून देत नाही.

अजून एक, 1 जून. आपल्याकडच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, गुरुजींनी शाळा भरायच्या हिशोबानं लिहिलेला. समोरचा वकील यावर हसून म्हणणार की ही तारीख खोटी आहे, हाडं तपासा. तिथं गांगरायचं नाही. शाळेचं प्रमाणपत्र आहे आणि ते खोटं असल्याचा पुरावा समोर नाही, तोवर नुसत्या संशयावर क्रम मोडून हाडांवर उडी मारता येत नाही हे ठामपणे मांडा. हाडांच्या तपासणीत दोनेक वर्षं इकडं तिकडं होतात, सोळा-सतराच्या पोराला ते परवडत नाही.

जन्मदाखल्याच्या नादी लागताना पण बघा. पोरगं जन्मलं पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर कोपीत, गावच्या रजिस्टरला नोंद कशी असंल? मग कुणीतरी दलाल भेटतो, म्हणतो उशिराच्या नोंदीचा दाखला काढून देतो, तारीख पाहिजे ती. अजिबात नको. गुन्ह्यानंतर काढलेला दाखला कुणालाही पटत नाही, आणि पकडलं गेलं तर बापावरच नवीन केस. मला शॉर्टकट सांगणारे सिनियरही भेटलेत. असल्या सिनियरपेक्षा गावचा पोलीस पाटील जास्त कामाचा, कोणाचं लेकरू कोणत्या गुरुजींकडं होतं हे त्याला माहीत असतं.

वय मोजायचं ते घटनेच्या दिवसाचं. पकडलं त्या दिवसाचं नाही. घटनेनंतर आठ दिवसांनी अठरा झाला तरी तो कायद्यानं बालकच. आणि हा मुद्दा कधीही, शिक्षा लागून प्रकरण संपल्यावरही मांडता येतो, त्यामुळं उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका.

जामिनाचं थोडक्यात. कलम 12 मध्ये गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हा प्रश्नच नाही. सराईत गुन्हेगारांची संगत, पोराला धोका, किंवा न्यायाला बाधा, या तीनच कारणांनी नाकारता येतो. पण हे कागदावर. मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) पोराच्या घरच्या परिस्थितीवरचा सामाजिक तपासणी अहवाल बघतं, म्हणून त्या अधिकाऱ्याला जाऊन भेटा, आई-बाप तोडीला गेलेत तर घरी आजी आहे, चुलता आहे, शाळेत परत घ्यायला तयार आहेत, हे सगळं त्यांना दाखवा. मे 2024 च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातापासून पारावरचा प्रत्येक माणूस म्हणतो, तुमचं काय बुवा, निबंध लिहिला की सुटला. त्यातल्या अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट चुकीचीच होती असं माझं मत आहे, पण जामिनाची तरतूद श्रीमंताच्या पोरासाठी आलेली नाही. सायकल चोरलेल्या पोराच्या बापाला ती कुणी सांगत नाही एवढंच.

पोरगं सोळाच्या वर आणि गुन्हा अघोर, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त, तर त्याला मोठ्यासारखं चालवायचं का हे ठरवायला प्राथमिक मूल्यांकन होतं आणि त्याला तीन महिन्यांची मुदत असते. तिथं मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यायला लावा, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं यावर सविस्तर लिहिलंय. आणि कमाल शिक्षा नाही, किमान शिक्षा बघायची. नवीन पोरं इथं हमखास घसरतात.

शेवटी पोलीस भरती. आपल्याकडं निम्मी पोरं पहाटे ग्राऊंडवर पळत असतात, त्यामुळं बापाचा पहिला प्रश्न हाच असतो की साहेब भरतीचं काय होईल. कलम 24 नुसार दोषी ठरला तरी अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद एकच, सोळाच्या वरच्याला बाल न्यायालयानं मोठ्यासारखं चालवून दोषी धरलं असेल तर. व्हेरिफिकेशनला फाईल पोलीस ठाण्यात सापडलीच तर काय दाखवणार? म्हणून अंतिम आदेशात कलम 24 चा उल्लेख मागून घ्या, सही-शिक्क्याची नक्कल बापाकडं द्या, एक स्वतःकडं ठेवा. बापाची भिजते, नाहीतर स्थलांतरात हरवते, आणि तो तुमच्याकडंच येतो.