‘नेट चालत नाही’ या तक्रारीचा माग कसा काढावा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे संगणक, सर्व्हर आणि नेटवर्क मी सांभाळतो. पहिली पाळी सुरू झाली की पहिला फोन येतो आणि त्यातले शब्द बहुधा ठरलेले असतात: “सर, नेट चालत नाहीये.” या एका वाक्यात उंदराने कुरतडलेली केबल, बंद पडलेला स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी), नाव न ओळखणारा डीएनएस (नावावरून अंकी पत्ता सांगणारी सेवा), मुदत संपलेला पासवर्ड किंवा काठोकाठ भरलेली डिस्क यांपैकी काहीही दडलेले असू शकते. सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंदे येथील बहुतेक लहान कारखान्यांत हे काम एकदोघांच्याच अंगावर असते आणि उत्पादन थांबलेले असताना विचार करायला सवड मिळत नाही. त्यामुळे विचाराचा क्रम आधीच ठरलेला असावा, असे माझे ठाम मत आहे.

हात लावण्यापूर्वी बिघाडाची हद्द ठरवावी. त्यासाठी फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात: फक्त तुमचेच बंद आहे की शेजारच्या टेबलावरचेही, नेमके काय उघडत नाही, आणि काल संध्याकाळपासून तिथे काय बदलले. एकाच यंत्राची तक्रार असेल तर दोष त्या यंत्रात किंवा त्याच्या केबलमध्ये शोधावा. एका विभागाची असेल तर त्या विभागाच्या स्विचपासून सुरुवात करावी. सगळ्यांचीच असेल तर सर्व्हर खोलीकडे किंवा इंटरनेटच्या लाइनकडे वळावे. तिसऱ्या प्रश्नाला “काहीच नाही” असे उत्तर मिळते, पण ते खरे धरू नये. “नवीन प्रिंटर लावला का, टेबल सरकवले का, रंगकाम झाले का” असे सुटे सुटे विचारले की हमखास काहीतरी आठवते. पडद्यावर जो संदेश दिसतो त्याचा फोटोच मागवावा, कारण “एरर येतोय” एवढ्या सांगण्यावरून निदान होत नाही.

यंत्रासमोर बसल्यावर तपास खालून वर न्यावा. केबलच्या खाचेजवळचा दिवा लागलेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. मग आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन यंत्राचा नेटवर्कवरचा अंकी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी ब्राउझर किंवा अँटिव्हायरस तपासत बसणे व्यर्थ आहे. पत्ता योग्य असेल तर आधी गेटवेला (आपल्या नेटवर्कमधून बाहेर नेणाऱ्या उपकरणाला) पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का पाहावे, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, आणि शेवटी एनएसलुकअप या आज्ञेने एखाद्या नावाचा पत्ता विचारून पाहावा. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण नावाचा पत्ता मिळत नाही, तर लाइन ठीक असून डीएनएस बिघडला आहे. या पायऱ्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत आणि निम्म्याहून अधिक शक्यता तिथेच बाद होतात.

पिंग हे साधन माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. आजही मी पहिला हात त्यालाच घालतो, पण त्याची मर्यादा ओळखून. उत्तर आले नाही म्हणजे समोरचे यंत्र बंद आहे, असे नव्हे. विंडोजचे फायरवॉल अनेकदा पिंग अडवते. अशा वेळी विंडोजच्या पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा वापरून हवे ते पोर्टच (त्या सेवेचा ठरलेला क्रमांक) तपासावे, म्हणजे सेवा ऐकते आहे की नाही ते थेट कळते. वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसर्टमध्ये मधल्या एखाद्या टप्प्यावर फुल्या दिसल्या आणि पुढचे टप्पे उत्तर देत असतील, तर तो टप्पा बिघडलेला नाही, तो केवळ उत्तर देत नाही. लाइन देणाऱ्या कंपनीशी यावरून वाद घालण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

उलट, पिंगला उत्तर आले म्हणजे सर्व सुरळीत आहे, असेही नव्हे. हे मी एका पावसाळ्यात चांगलेच शिकलो. आमच्या मागच्या शेडमध्ये डिझाइन विभागाचे लोक बसतात. त्यांची ड्रॉइंगे उघडायला अतोनात वेळ लागू लागला, सर्व्हर जुना झाला असे सर्वांनी ठरवले आणि नव्या सर्व्हरचे कोटेशनही मागवले गेले. मी पिंग केले तर एका मिलिसेकंदात उत्तर, एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) गहाळ नाही. मग एक जीबीची फाइल सर्व्हरवरून घेऊन पाहिली. गिगाबिट (१००० एमबीपीएस) जोडणीवर तिला दहाएक सेकंद लागायला हवेत. तिथे दीड मिनिट लागले. हा आकडा १०० एमबीपीएसचा आहे, हे लगेच लक्षात आले. दोन शेडमधल्या केबलचे पोर्ट (ती जिथे जोडली होती ती खाच) स्विचवर पाहिले तर जोडणी खरोखरच १०० वर उतरलेली होती. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे एखादी जोडी खराब झाली की अनेकदा जोडणी तुटत नाही, मुकाट्याने मंदावते. पन्हाळीखालून गेलेल्या त्या केबलच्या टोकाला पाणी झिरपले होते आणि तपकिरी जोडीच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. टोक कापून नवा आरजे-४५ प्लग क्रिम्प केला आणि तेवढ्यावर सर्व्हरची खरेदी टळली.

म्हणूनच संथपणाची तक्रार असेल तर जोडणीचा वेग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन टोकांमधला प्रत्यक्ष वेग मोजायला आयपर्फ हे मोफत साधन उत्तम आहे. दिवे लागणारा स्वस्त केबल टेस्टर जवळ असावाच, पण तो तार अखंड आहे एवढेच सांगतो, तिची गुणवत्ता सांगत नाही. आणि तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपलीकडे नेऊ नये, हा नियम शेड कितीही लांब असली तरी पाळावा. दोन शेड जोडायच्या असतील तर फायबर टाकावे. मान्सूनपूर्व विजांच्या दिवसांत उघड्यावरच्या तांब्याच्या केबलीमुळे स्विच जळण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

दुसरा एक बिघाड अनेकांना दिवसभर फिरवतो. काही यंत्रे चालतात, काही चालत नाहीत आणि त्यात कोणतीच संगती दिसत नाही. आमच्याकडे हे झाले तेव्हा रात्री चालू राहिलेले संगणक ठीक होते आणि सकाळी नव्याने सुरू केलेल्यांपैकी काही बंद होते. बंद यंत्राचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत होता, आमचे सर्व पत्ते मात्र १० ने सुरू होतात. कोणीतरी मोबाइलला वायफाय मिळावे म्हणून घरचा राउटर आणून भिंतीतल्या खाचेत जोडला होता आणि तो आमच्या सर्व्हरच्या आधी पत्ते वाटत होता. आयपीकॉन्फिगच्या सविस्तर रूपात डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता दिसतो. कोणता पत्ता कोणत्या उपकरणाचा हे दाखवणाऱ्या एआरपीच्या यादीतून त्याचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा क्रमांक, मिळतो. तो स्विचच्या तक्त्यात शोधला की पोर्टचा क्रमांक कळतो आणि त्या पोर्टची केबल धरून चालत गेले की राउटर सापडतो. स्विच मॅनेज्ड, म्हणजे आतली माहिती पाहता आणि बदलता येणारा, असेल तरच हे शक्य आहे. म्हणून खर्चाला हात आखडता घ्यायचा असेल तर तो इतरत्र घ्यावा, मुख्य स्विच मॅनेज्डच असावा आणि त्यावर डीएचसीपी स्नूपिंग सुरू करावे, म्हणजे असा परका राउटर पत्ते वाटूच शकणार नाही.

नेटवर्कवरची पॅकेटे पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कविषयी तरुण सहकारी आवर्जून विचारतात. ते फार मोलाचे साधन आहे, पण हद्द ठरल्यानंतरचे. स्विचवर साध्या पोर्टला लॅपटॉप लावला तर प्रामुख्याने आपली स्वतःची आणि सर्वांना उद्देशून आलेली पॅकेटे दिसतात; दुसऱ्या यंत्राचे संभाषण पाहायचे असेल तर त्याच्या पोर्टचे मिररिंग करावे लागते, म्हणजे तिथल्या पॅकेटांची प्रत आपल्या पोर्टवर घ्यावी लागते. नेमका प्रश्न हाती नसताना ते उघडले तर हजारो ओळींत माणूस हरवतो.

सर्व्हरच्या बाबतीत मी मोजक्याच गोष्टी आधी पाहतो. लिनक्सवर डीएफ या आज्ञेने डिस्कवरची जागा पाहावी, आणि जागा शिल्लक असूनही फाइल बनत नसेल तर आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी) संपले आहेत का तेही पाहावे. डीएफ डिस्क भरली म्हणतो पण फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज जुळत नाही, तर खोडलेली लॉग फाइल एखाद्या प्रोग्रामने अजून धरून ठेवलेली असते; उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफने तो प्रोग्राम शोधून पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. विंडोजवर सिसइंटर्नल्स या संचातील प्रोसेस एक्सप्लोरर आणि प्रोसेस मॉनिटर शिकून घ्यावेत. ही साधने मोफत आहेत आणि कोणता प्रोग्राम कोणती फाइल धरून बसला आहे, हे नेमके दाखवतात. साप्ताहिक सुट्टीनंतर एखाद्याच जुन्या संगणकाचे लॉगिन होत नसेल तर आधी घड्याळ पाहावे. सुट्टीत मुख्य वीज बंद ठेवली जाते, मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते, वेळ मागे जाते आणि डोमेनच्या (सर्वांची लॉगिने सांभाळणाऱ्या) सर्व्हरशी पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की कर्बेरॉस ही ओळख तपासणारी व्यवस्था प्रवेश नाकारते. पासवर्ड बदलून देण्याचा या बिघाडावर काहीही उपयोग होत नाही.

घरून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सेवेचे) पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. हे कोणीही, एका दिवसासाठीसुद्धा करू नये. वायरगार्डसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) लावायला एक दुपार पुरते.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती उपयोगी पडली नाही तर मूळ स्थितीत आणूनच दुसरी बदलावी. केबल, पोर्ट आणि पत्ता हे तिन्ही एकदम बदलले तर यंत्र चालू होईल, पण कारण कळणार नाही आणि तोच बिघाड पुन्हा येईल. मी रॅकजवळ एक दोनशेपानी वही दोरीने बांधून ठेवली आहे. तारीख, लक्षण, कारण आणि काय केले, एवढ्या चारच गोष्टी तिच्यात लिहितो, कारण नेटवर्क बंद असताना संगणकावरच्या नोंदी उघडत नाहीत. नोंद झाल्यावर तक्रार करणाऱ्या ताईंना किंवा दादांना त्यांच्याच खुर्चीत बसवून, जे काम अडले होते तेच त्यांच्या हातून करून घ्यावे, आणि त्यांचे चलान छापून बाहेर आल्यावरच तिथून निघावे.