पॉइंट्स जमतील, आधी पेशंटची उंची मोजा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या डॉक्टर-नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट्स (व्याख्यानं, वर्कशॉप यांना हजर राहून मिळणारे) लागतात. ते जमतात. आयसीयूत नव्याने आलेल्यांनी त्याची धास्ती घेऊ नये. सर्टिफिकेटं एका फोल्डरमध्ये टाकत राहा, पुरे. धास्ती घ्यायचीच तर वेगळ्या गोष्टीची घ्या. एआरडीएसवरची (फुप्फुसांना सूज येऊन त्यात पाणी भरतं तो आजार) व्याख्यानं ऐकून ऐकून टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, '6 मिलि प्रति किलो' हे सगळ्यांना पाठ होतं आणि रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरवर हात जातो तो 450 किंवा 500 मिलिवरच.

6 मिलि प्रति किलो खरं, पण कुठले किलो? केसपेपरवरचे नव्हेत. ते बहुतेकदा नातेवाइकांनी सांगितलेले किंवा अंदाजाने लिहिलेले असतात, आणि अगदी काट्यावर मोजलेले असले तरी इथे चालत नाहीत. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. ते उंचीप्रमाणे असतं. म्हणून उंचीवरून काढलेलं वजन धरायचं. पुरुषांसाठी 50 + 0.91 × (उंची सेंटिमीटरमध्ये − 152.4). बायकांसाठी 50 च्या जागी 45.5.

आता 150 सेंमी उंचीची, 70 किलोची बाई घ्या. सूत्राने तिचं वजन येतं सुमारे 43 किलो. 6 मिलिने टायडल व्हॉल्यूम 260. काट्यावरचे 70 धरले तर 420, म्हणजे तिच्या फुप्फुसाला प्रति किलो जवळजवळ 10 मिलि. 500 ठेवला तर साडेअकरा. सन 2000 च्या ज्या एआरडीएसनेट (अमेरिकेतल्या रुग्णालयांचा संशोधन गट) अभ्यासावरून आपण 6 मिलि शिकलो, त्यात दुसरा गट 12 मिलिचा होता. त्या गटात मृत्यू 39.8 टक्के, 6 मिलिच्या गटात 31 टक्के. म्हणजे त्याच अभ्यासाची स्लाइड पाहून आलेला डॉक्टर बाईला नेमकं हरलेल्या गटात नेऊन बसवतो. 175 सेंमीच्या पुरुषाला तोच 450 चा आकडा बरोबर बसतो (साधारण 6.4 मिलि), त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. मार पडतो तो बुटक्या बायकांना.

उंची विचारू नका, मोजा. पेशंट सरळ झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावा. पाय आखडलेले असतील तर हात बाजूला सरळ पसरून गळ्याखालच्या छातीच्या हाडाच्या खाचेपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत अंतर घ्या. बायकांत त्याला 1.35 ने गुणून 60.1 मिळवा, पुरुषांत 1.40 ने गुणून 57.8. आलेली उंची आणि 6 मिलिचा आकडा, दोन्ही ठळक अक्षरात चार्टवर लिहा, म्हणजे ड्युटी बदलली तरी ते टिकतात.

व्हॉल्यूम कमी केला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि इथेच नवखा घाबरून परत 450 वर जातो. घाबरू नका. आधी रेट (मिनिटाला श्वास) वाढवा, 35 पर्यंत जाता येतं. 260 मिलिच्या श्वासात एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा) आणि कॅथेटर माउंट (ट्यूब आणि सर्किटमधला जोड) यांची मृत जागा, जिथली हवा फुप्फुसाच्या कामी येत नाही, फार महाग पडते. माउंट काढा, फिल्टरऐवजी हीटेड ह्युमिडिफायर लावा. रक्ताचा पीएच 7.30 च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. त्याहून थोडा खाली आला म्हणून लगेच व्हॉल्यूम वाढवायचा नाही. रेट 35 करूनही 7.15 च्या खाली गेला तर मात्र सीनियरला उठवा.

प्लेटो प्रेशर (श्वास आत थांबवल्यावर फुप्फुसात उरणारा दाब) अर्ध्या सेकंदाच्या इन्स्पिरेटरी होल्डने पाहा, तेही पेशंट स्वतः जोर लावत नसताना. नाहीतर आकडा खोटा येतो. 30 सेंमी पाण्याच्या आत हवं. पीक (श्वास भरतानाचा सर्वांत जास्त दाब) चढलं आणि प्लेटो तेवढंच राहिलं तर अडथळा ट्यूबमध्ये किंवा श्वासनलिकांत: स्राव, चावलेली ट्यूब, ब्राँकोस्पाझम (श्वासनलिका आवळणं). दोन्ही चढली तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) आणि उजव्या बाजूला उतरलेली ट्यूब आधी शोधा.

हे सगळं सभागृहात बसून येत नाही. वर्कशॉपची फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: एका व्हेंटिलेटरमागे किती जण, आणि टेस्ट लंग (सरावाचं नकली फुप्फुस) आहे का? पंधरा जण एका मशीनभोवती असतील तर पैसे वाचवा. कंपन्यांची प्रात्यक्षिकं बटणं समजायला उपयोगी, फिजिओलॉजीसाठी नाहीत. दोन दिवसांचा एफसीसीएस (गंभीर पेशंट सांभाळण्याची मूलतत्त्वं शिकवणारा) कोर्स सुरुवातीला चांगला. इंटेन्सिव्ह केअरच्या युरोपियन डिप्लोमाचा, म्हणजे ईडीआयसीचा, विचार असेल तर पहिला भाग एमसीक्यूचा आहे, दुसरा ओस्कीचा (वेगवेगळ्या स्टेशनवरची प्रात्यक्षिक परीक्षा). नुसत्या प्रश्नसंचांवर दुसरा निघत नाही.

गुरूंबद्दल माझं मत थोडं आडमुठं आहे. मोठं नाव आणि चकचकीत स्लाइड्स असलेल्या सरांपेक्षा, रोज राउंडला 'प्लेटो किती?' असं विचारून छळणारे कन्सल्टंट धरा. आयसीयूच्या जुन्या सिस्टरशी तर मुळीच वाकडं घेऊ नका. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर वापरा, पण सुरुवातीचे काही पेशंट हाताने करा, म्हणजे 150 सेंमीच्या बाईला 450 दिसला की आकडा आपोआप खटकतो.

दमा आणि सीओपीडीला (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) मात्र 35 चा रेट लावायचा नाही. तिथे श्वास बाहेर पडायलाच वेळ लागतो. रेट 10 ते 14 ठेवा आणि फ्लोचा आलेख पुढच्या श्वासाआधी शून्यावर येतोय का ते पाहा. येत नसेल तर हवा आत साठतेय. अशात बीपी एकदम कोसळलं तर सर्किट सोडवून छाती हळूच दाबत हवा बाहेर पडू द्या. तरीही बीपी चढलं नाही तर न्यूमोथोरॅक्स बघा.