जीआरईचे अवघड शब्द: यादी पाठ करण्याआधी

जीआरई म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा. तिच्या तयारीला लागलं की पहिल्याच आठवड्यात हजार-दीड हजार शब्दांची यादी हाती येते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच अर्थ. पहिले दोनशे शब्द झपाट्याने पाठ होतात. महिन्याभराने सराव परीक्षेत तेच शब्द भेटतात, तेव्हा 'हा कुठेतरी पाहिलाय' यापलीकडे काही आठवत नाही. कारण परीक्षा नुसता अर्थ विचारतच नाही. सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न 2011 मध्येच काढून टाकले गेले. सप्टेंबर 2023 पासून व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या विभागाला, 27 प्रश्न आणि एकूण 41 मिनिटं असतात. त्यातले साधारण निम्मे उताऱ्यांवर आणि बाकीचे वाक्यातली गाळलेली जागा भरण्याचे. गाळलेल्या जागेच्याच सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारात सहा पर्यायांतले दोन निवडायचे आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण. तिथे शब्दाची छटा लागते, आणि ती यादीत नसते.

आधी पाया तपासा. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासविषयक लिखाणातून 570 शब्दकुटुंबांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) अकॅडेमिक वर्ड लिस्ट काढली. आर्बिट्ररी, अ‍ॅम्बिग्युअस, इन्हिबिट, ऑल्बीइट, नॉटविथस्टँडिंग हे त्यातले शब्द. ती यादी वाचताना दहातले दोन-तीन शब्द जरी अडत असतील, तर पहिला महिना तिलाच द्या. ऑल्बीइटने, म्हणजे 'जरी'ने, वाक्य कुठे वळलं हे कळलं नाही, तर गाळलेल्या जागेचे पाचही पर्याय ठाऊक असून उत्तर चुकतं.

मग रोज दहा नवे शब्द, आठवड्यातले सहा दिवस. सातवा दिवस फक्त उजळणीचा. चार महिन्यांत साडेनऊशेच्या आसपास शब्द होतात आणि तेवढे पुरतात. उजळणीसाठी अँकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरा: कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. ते संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. त्यात रोज 20 नवी कार्डं असा आकडा आधीच भरलेला असतो, तो पहिल्याच दिवशी 10 करा. आज घेतलेलं कार्ड पुढे काही दिवसांनी, काही आठवड्यांनी पुन्हा समोर येतं. त्यामुळे रोज दहा नव्या कार्डांमागे काही आठवड्यांतच रोजच्या 70 ते 100 उजळण्या होऊ लागतात. वीसचा आकडा ठेवणारे बहुतेक इथेच थकतात. साचलेली पाचशे कार्डं पाहिली की अँकी उघडावंसंच वाटत नाही. दहाच्या हिशेबाने नव्या शब्दांना वीस मिनिटं आणि उजळणीला पंधरा-वीस मिनिटं रोज पुरतात.

तयार कार्डांचा संच उतरवून घेण्यापेक्षा स्वतः कार्ड बनवा. बनवण्यातच निम्मा अभ्यास होतो. पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, गाळलेल्या जागेचं पूर्ण वाक्य हवं. मागे शब्द, त्याचा उच्चार, सोप्या इंग्रजीतला अर्थ, सोबत हमखास येणारे एक-दोन शब्द आणि एक मराठी शब्द.

हा मराठी शब्द नीट शोधण्यात घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही. इंग्रजी-मराठी कोशात बहुधा संस्कृत वळणाचा सभ्य प्रतिशब्द सापडतो आणि नेमकी छटा तिथेच हरवते. परफंक्टरीला 'औपचारिक' म्हटलं की काहीच हाती लागत नाही. 'पाट्या टाकल्यासारखं' म्हटलं की शब्द जागच्या जागी बसतो. इन्ट्रान्सिजंट म्हणजे अडेलतट्टू, ऑब्सीक्विअस म्हणजे लाळघोटा, इन्सिपिड म्हणजे मिळमिळीत, टॅसिटर्न म्हणजे घुमा, अफिशस म्हणजे लुडबुड्या. पैशाच्या बाबतीत फ्रुगल म्हणजे काटकसरी, ती स्तुती झाली. पार्सिमोनिअस म्हणजे कवडीचुंबक, ती निंदा. हातचं न सोडणारा टेनेशस माणूस चिवट, तर कोणाचंच न ऐकणारा रिकॅल्सिट्रंट आडमुठा. परीक्षेतलं वाक्य त्या माणसाचं कौतुक करतंय की त्याला नावं ठेवतंय, यावरच बहुतेक वेळा उत्तर ठरतं. म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा. घरात, बाजारात, भांडणात ऐकलेली मराठी इथे कोशापेक्षा जास्त कामाला येते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांचं हे भांडवल आहे, ते दडवून ठेवू नका.

दुसरं भांडवल शब्दांच्या मुळांचं. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे पुष्कळ मुळं आपल्या ओळखीची निघतात. मॉरिबंडमध्ये आपलं मरण आहे. अर्थही तोच, मरणपंथाला लागलेला. सब्जुगेटमधलं जुगुम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. जुवाखाली आणणं म्हणजे अंकित करणं. इम्पीडमध्ये पद आहे, पायात खोडा घालणं; एक्सपिडाइटमध्ये तो खोडा निघतो आणि काम वेगाने होतं. इम्पिक्यूनिअस म्हणजे कफल्लक. त्यातलं पेकू म्हणजे आपला पशू, कारण एके काळी गुरंढोरं हीच संपत्ती होती. इग्नॉमिनीत नाम आहे, आणि अर्थ नाव जाणं, बेअब्रू होणं. अशी तीस-चाळीस मुळं पुरतात, शंभराच्या मागे लागू नका.

मुळावरून अर्थ ताडणं मात्र दर वेळी खरं ठरत नाही. एनर्व्हेटमध्ये एनर्जीचा भास होतो, पण त्याचा अर्थ गळाठून टाकणं. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द. रेस्टिव्ह माणूस विसावलेला नसतो, तो चुळबुळत असतो. अशा शब्दांच्या कार्डावर 'फसवा' असं ठळक लिहा.

सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. इन्जीनिअस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, प्रिस्क्राइब म्हणजे सांगणं आणि प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं, टर्बिड गढूळ, टर्जिड फुगलेलं, टॉर्पिड सुस्त. हे जोडीने पाठ केले की कोणता कोणाचा हा गोंधळ कायमचा बसतो. एक पक्का होऊ द्या, दुसऱ्याला दोन आठवड्यांनी हात लावा. 'बडबड्या' अर्थाचे सहा शब्द एका बैठकीत उरकण्याची कल्पनाही याच कारणाने चांगली नाही. गट करायचेच तर एकेक शब्द मुरल्यावर, उजळणी म्हणून करा.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ तर याद्यांमध्ये अनेकदा नसतातच. फ्लॅग म्हणजे उत्साह ओसरणं, वाँट म्हणजे उणीव, चेक म्हणजे आवर घालणं, टेम्पर म्हणजे सौम्य करणं, पेडेस्ट्रिअन म्हणजे रटाळ. क्वालिफाइड सपोर्ट म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा. सँक्शन तर परवानगी आणि निर्बंध अशा दोन्ही टोकांना जातो. यांची वेगळी वही ठेवा, पन्नास-साठ शब्दांचीच.

उच्चार कोशात ऐकूनच टिपा. एपिटोम नव्हे, इपिटमी. हायपरबोल नव्हे, हायपर्बली. इंडिक्ट नव्हे, इंडाइट. चुकीचा उच्चार मनात बसला की तोच शब्द कोणाच्या तोंडून आला तरी ओळखू येत नाही.

कार्डांच्या जोडीला रोज अर्धा तास वाचन हवंच. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, मजकुरातले 98 टक्के शब्द ठाऊक असावेत, तर लेखी इंग्रजी कोणाच्या मदतीविना वाचता येतं. त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द, असा त्याचा सोपा अर्थ. पंधरा निघाले तर तो मजकूर तूर्त बाजूला ठेवा. ग्रंथपरीक्षणं, मृत्युलेख, विज्ञानावरचे दीर्घ लेख यांत हवे ते शब्द भरपूर मिळतात. वाचताना प्रत्येक शब्दापाशी थांबू नका. खूण करा, शेवटी त्यातले तीनच निवडा, आणि कार्डावरचं वाक्य त्याच लेखातून उचला.

हे शब्द स्वतःच्या लिखाणात आणण्याची घाई नको. अर्जासोबतच्या निवेदनात तीन-चार जड शब्द कोंबले की ते उसने घेतलेले लगेच कळतात. शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलेला असेल आणि त्याच्यासोबत काय येतं हे ठाऊक असेल, तरच वापरा.

परीक्षेला दोन आठवडे उरले की नवे शब्द बंद. एखादं कार्ड आठदा चुकलं की अँकी त्यावर खूण करतं किंवा ते आपोआप बाजूला काढतं. त्या कार्डांवर तसंच घोकत राहू नका. वाक्य बदला, मराठी शब्द बदला, मग पुन्हा आत घ्या. तेवढ्यानेही बसत नसेल तर तो शब्द सोडून द्या आणि तो वेळ गाळलेल्या जागांच्या सरावाला द्या.