पोरांना 'किती प्रकारे?' शिकवायचंय? फॉर्म्युला नंतर, आधी यादी

पाचवी-सहावीतल्या पोराला गणिताच्या ऑलिम्पियाडसाठी परम्युटेशन-कॉम्बिनेशन (किती प्रकारे मांडता किंवा निवडता येतं ते मोजणं) शिकवायला बसणार असाल तर एनपीआर (मांडण्यांचा) आणि एनसीआर (निवडींचा) वाले फॉर्म्युले सुरुवातीला तोंडातून काढूच नका. फॉर्म्युला हातात आला की पोरं प्रश्न वाचायचंच सोडतात, दोन आकडे दिसले की कशाततरी कोंबायचे आणि मोकळं व्हायचं. आधी यादी करायला लावा, वहीत, हाताने, आणि ठराविक क्रमाने.

सुरुवात बाजारापासून करा. आज बांगडा, सुरमई, पापलेट, सौंदाळे आणि कोळंबी आलीय, आपल्याला दोन प्रकार घ्यायचेत, किती प्रकारे घेता येतील? पोरगं सुचेल तसं लिहीत सुटतं, मग एखादी जोडी दोनदा येते, एखादी राहूनच जाते. तेव्हा सांगायचं, आधी बांगड्याच्या सगळ्या जोड्या संपव, त्या झाल्या ४, आता बांगडा विसर, सुरमईच्या उरल्या ३, मग २, मग १. एकूण १०.

आता खरा प्रश्न विचारा. पहिला प्रकार पाचातून, दुसरा उरलेल्या चारातून, म्हणजे ५ × ४ = २० यायला हवे होते ना, मग दहाच कसे? आणि गप्प बसा, पाच मिनिटं गेली तरी चालतील पण उत्तर सांगू नका. बांगडा-सुरमई घेतली काय किंवा सुरमई-बांगडा घेतला काय, पिशवीत तेच जातंय, प्रत्येक जोडी दोनदा मोजली म्हणून भागिले दोन, हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. ते आलं की लगेच प्रश्न फिरवा: एक तळायचा आणि एक कालवणात टाकायचा. आता सुरमई तळून बांगड्याचं कालवण हे एक जेवण आणि बांगडा तळून सुरमईचं कालवण हे दुसरं, म्हणून पूर्ण २०. 'अदलाबदल केली तर नवीन काही झालं का?' एवढा एकच प्रश्न सवयीचा झाला की निम्मा चॅप्टर संपला समजा. पाचातले तीन घ्यायचे तर? घेतलेले मोजण्यापेक्षा सोडलेले दोन मोज म्हणावं, परत १०.

गुणायचं कधी आणि बेरीज कधी, यासाठी आपला किनाराच बरा. दापोलीहून गुहागरला जायला दाभोळ-धोपावे फेरीबोट किंवा चिपळूणवरून वळसा, गुहागरहून रत्नागिरीला तवसाळ-जयगड फेरीबोट किंवा परत रस्त्याने वळसा. 'किंवा' आला की बेरीज, 'आणि मग पुढे' आलं की गुणाकार, म्हणजे २ × २ = ४. हे पोरांना पटकन कळतं, इथे जास्त वेळ घालवू नका.

मग अक्षरं. 'मालवण' मध्ये मा, ल, व, ण अशी चार वेगळी अक्षरं, ४ × ३ × २ × १ = २४ मांडण्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) हेच विचारलंय, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे, उत्तर २४, आणि शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं तर ३६,२८,८००. तो आकडा सांगून बघा, पोरांचे डोळे मोठे होतात. मोठ्यांचेपण.

आता 'टकटक' द्या. ट दोन, क दोन. आधी एकाला लाल ट, एकाला निळा ट करा, क पण तसेच, म्हणजे २४ झाले, मग रंग पुसा, दोन ट मुळे भागिले २ आणि दोन क मुळे परत भागिले २, उरले ६. पडताळायला यादी करूच द्या: टटकक, टकटक, टककट, कटटक, कटकट, ककटट. कटकट निघाल्यावर पोरं हसतात ते वेगळंच!

याच सहाचा पुढे उपयोग आहे. वाडीत चौकोनी वाफे आहेत, बेड्यापासून (फाटकापासून) विहिरीपर्यंत दोन वाफे पूर्वेला आणि दोन उत्तरेला जायचंय, मागे फिरायचं नाही, वाटा किती? पूर्वेला ट म्हणा, उत्तरेला क म्हणा, प्रत्येक वाट म्हणजे ट-क चा एक शब्द, म्हणून ६. नवीन प्रश्न जुन्या प्रश्नाच्या रूपात दिसायला लागणं, स्पर्धेत हेच तर बघतात.

'किमान एक' दिसलं की उलटं मोजायला शिकवा. तीन अंकी किती संख्यांत निदान एक ७ आहे? एकूण ९००, ७ नसलेल्या ८ × ९ × ९ = ६४८, उरल्या २५२. पहिला अंक शून्य चालत नाही म्हणून तिथे ८, हे नव्वद टक्के पोरं विसरणारच असं धरून चाला. आठवीनंतर आयओक्यूएमला (गणित ऑलिम्पियाडची देशपातळीवरची पहिली परीक्षा) बसवायचं असेल तर तिथे उत्तर ० ते ९९ मधला पूर्ण आकडा असतो, स्टेप्सना मार्क नाहीत, एकाने चुकलं तरी गेलंच, म्हणून मोठा प्रश्न आला की आधी छोट्या आकड्याला तोच करून यादीशी जुळवून बघायची सवय आत्तापासूनच लावा.

एवढं झाल्यावर 'रातराणी' द्या, १२ मांडण्या येतात. आल्या की विचारा, दोन्ही रा शेजारी-शेजारी नकोत तर किती? शेजारी असलेल्या चिकटवून एकच अक्षर धरायचं, त्या ६ निघतात, वजा केल्या की परत ६. त्यानंतर एनसीआर लिहून दाखवलात तरी हरकत नाही.