फीट आली, एवढेच सांगू नका: अपस्मार ओळखताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत ‘फीट’ किंवा ‘आकडी’ आणि शेजारच्या हिंदीत ‘मिरगी’ म्हटले की एकच चित्र डोळ्यांसमोर येते: माणूस धाडकन कोसळतो, हातपाय ताठतात, झटके येतात, तोंडाला फेस येतो. अपस्माराचा हा केवळ एक प्रकार आहे. तेवढाच खरा मानण्याची चूक मला सर्वांत महागडी वाटते, कारण तिच्यापायी बाकीचे प्रकार वर्षानुवर्षे ओळखलेच जात नाहीत.

शाळकरी मूल बोलता बोलता थबकते, पाच-दहा सेकंद शून्यात पाहते आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढचा शब्द उच्चारते, तेव्हा प्रगतिपुस्तकात ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा येतो. प्रत्यक्षात ती दिवसातून अनेकदा येणारी ॲब्सेन्स फीट असू शकते. सकाळी मुलीच्या हातातली पोह्यांची बशी एकाएकी उडते, शेव फरशीभर विखुरते आणि आजी तिला धांदरट ठरवते. पण जागरणानंतरच्या सकाळी, उठल्यावर थोड्याच वेळात, हात असे वारंवार उडत असतील तर ते मायोक्लोनिक झटके आहेत का, हे तपासून घ्यावे. मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या फोकल फिटमध्ये माणूस पडेलच असे नाही. तो ओठ चावल्यासारखे करतो, सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करतो, हाकेला ओ देत नाही, आणि घरचे ‘बाहेरचे काही’ समजून अंगारा शोधू लागतात.

हा भेद केवळ नावापुरता नाही. फोकल फिट्सवर उपयोगी पडणारे कार्बामाझेपीन हे औषध ॲब्सेन्स आणि मायोक्लोनिक प्रकार उलट वाढवू शकते. म्हणून डॉक्टरांना नुसते ‘फीट आली’ न सांगता सुरुवात कशी झाली, आधी कोणता हात हलला, डोळे उघडे होते का, शुद्ध कधी आली, हे सांगावे. कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल तर फारच उत्तम. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, सामान्य आला म्हणजे अपस्मार नाही, हा निष्कर्षही चुकीचा आहे.

गणेशोत्सवाच्या एका मंडपात कोसळलेल्या तरुणाच्या नाकाशी कोणी कांदा धरला होता, कोणी चप्पल, आणि एक काका त्याच्या दातांत चमचा घालू पाहत होते. घड्याळाकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. झटके बळाने दाबून धरू नयेत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, झटके थांबताच कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नये. फीट 5 मिनिटांहून अधिक चालली किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर 108 ला फोन करावा.

महिनोन्महिने फीट आली नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचेच. व्हॅलप्रोएट या फिटवरील औषधामुळे गर्भाला इजा होऊ शकते, त्यामुळे ते घेणाऱ्या तरुणीने गरोदरपणाचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, मात्र स्वतःहून गोळी सोडू नये. हिंदू विवाह कायद्यातील, लग्नाला बाधा म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख 1999 मध्ये वगळला गेला, तरी लग्न जमवताना आजार लपवला जातो. मग सासरी गोळीची पट्टी उघडपणे काढता येत नाही, डोस चुकतो, त्यात लग्नघरातली जागरणे, आणि नेमकी तेव्हाच फीट येते.