एल्कच्या शिकारीत या चुका टाळा, गोळी सुटल्यानंतरच्या तर नक्कीच

ऑक्टोबरच्या मध्याला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रायफलचा हंगाम उघडतो आणि संध्याकाळी तळावर शेकोटीभोवती दर वर्षी त्याच गोष्टी ऐकू येतात. जखमी झाला होता पण सापडलाच नाही. मांसाला वास यायला लागला. ऐनवेळी वारा फिरला. सांगणारी माणसं तेवढी नवी असतात. मीकर गावाच्या वर, फ्लॅट टॉप्सच्या पठारावर मी सतरा हंगाम काढलेत. गेली काही वर्षं डेन्व्हरकडची आपली मराठी मुलंही सोबत येतात. त्यांना दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं, पण त्याहून मोठं हरीण. या राज्यात आज अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याच प्रांतात एवढे नाहीत. १९१०च्या सुमारास मात्र इथे जेमतेम हजारभर उरले होते. वायोमिंगमधून कळप आणून सोडले, शिकारीवर कडक बंधनं घातली, तेव्हा कुठे पुन्हा रान भरलं. इतक्या कष्टाने राखलेलं जनावर कोणाच्या घाईपायी झाडीत कुजलेलं पाहिलं की मला ते सहन होत नाही.

गोळी लागली की धावत सुटणं

माझे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या शिकारीत दाजीपूरच्या रानात हाकेकरी होते. गवा जखमी झाला की कोणी जागचं हलायचं नाही, असा तिथे दंडक होता. आजोबा विडी पेटवून बसून राहायचे. पाठीवर कोणी आहे हे कळलं की जनावर मरायचं विसरतं, असं ते म्हणायचे. १९७२च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण आजोबांचं हे वाक्य मला इथे, दहा हजार फुटांवर, दर वर्षी आठवतं.

एल्क दांडगं जनावर आहे. मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो. फुप्फुसात गोळी बसली तरी शंभर-दीडशे पावलं जातो आणि मग कोसळतो. पोटात बसली तर आणखी थोडा जाऊन दाट झाडी बघून बसतो. मागे कोणी नसेल तर बहुतेकदा तिथेच, बसल्या जागी मरतो. तुम्ही धावत गेलात की तो उठतो, आणि उठलेला एल्क दरी उतरून मैल-दोन मैल सहज जातो.

इथे रायफलचा हंगाम टप्प्याटप्प्यांत असतो, आणि त्या प्रत्येक टप्प्यालाही हंगामच म्हणतात. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या हंगामात पुण्याचा एक मुलगा आमच्यात होता. नेम चांगला, तब्येत खणखणीत, अभ्यासही केलेला. संध्याकाळी साडेपाचला त्याने एका नरावर गोळी झाडली. मी खालच्या अंगाला होतो, दुर्बिणीतून बघत होतो. गोळीसरशी नराने पाठ कमानीसारखी वर काढली, मान खाली घातली आणि तो पाय ओढत झाडीत शिरला. पाठ अशी वर आली की गोळी पोटात बसली म्हणून समजायचं. मी हात वर करून थांब म्हणून खुणा केल्या, पण तोवर हा उतारावरून पळत सुटला होता.

मी वर पोचलो तेव्हा तो धापा टाकत झाडीच्या तोंडाशी उभा होता. आत, दीडशे पावलांवर, नराची बसायची जागा सापडली. गवत दबलेलं, हात लावला तर अजून उबदार. त्यावर थोडं काळपट रक्त आणि हिरवट, चोथ्यासारखा द्रव. आंबूस वास येत होता. याची चाहूल लागून नर उठून गेला होता. तिथून पुढे दर दहा-वीस पावलांवर रक्ताचा एखादा ठिपका, मग तोही नाही. अंधार पडला आणि रात्री बर्फ पडून सगळा माग झाकला गेला. दोन दिवस आम्ही चौघांनी ती दरी पालथी घातली. तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांच्या ओरडण्यावरून नर सापडला, दोन मैल खाली, ओढ्यात. कोल्ह्यांनी मागचा भाग फाडला होता आणि उरलेलं मांस हिरवं पडलं होतं. त्या मुलाला ओढ्याकाठी रडताना मी पाहिलंय. तो अजून येतो, आणि आता आमच्यात सगळ्यात शांत बसणारा तोच आहे.

माझी सवय सांगतो. गोळी सुटली की आधी दुसरं काडतूस चढवायचं आणि जनावर उभं दिसत असेल तर पुन्हा गोळी घालायची. दिसेनासं झालं की घड्याळ बघायचं. जिथे ते उभं होतं आणि जिथून झाडीत शिरलं, त्या दोन्ही जागांची खूण म्हणून एकेक झाड मनात पक्कं करायचं. मग खाली बसून थर्मासमधला चहा प्यायचा. अर्धा तास हलायचं नाही, पडलं असं वाटलं तरी. त्यानंतर पहिलं रक्त बघायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, पुढे जायला हरकत नाही. गडद, काळपट लाल असेल तर बहुधा यकृत, तिथे निदान तीन तास थांबायचं. हिरवट घाण किंवा आंबूस वास असेल तर सहा ते आठ तास. म्हणजे संध्याकाळची गोळी असेल तर सरळ सकाळ. बर्फाचे ढग आले तर हे गणित बदलतं, तेव्हा हळू, एकेक पाऊल टाकत, बंदूक तयार ठेवून जावं लागतं. माग काढताना प्रत्येक ठिपक्याशी मी केशरी फितीचा तुकडा बांधतो आणि मागाच्या कडेने चालतो. माग हरवला की वळून त्या फितींची रांग बघायची, जनावर कुठे निघालंय ते त्यातून कळतं. आणि रक्तावर पाय ठेवणाऱ्याला मी त्या दिवशी परत मागावर घेत नाही.

मांस गरम ठेवणं

थंडी आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या हंगामात दुपारी इथे वीस अंशापर्यंत ऊन तापतं. एल्कचं कातडं जाड, मानेवर आयाळीसारखे केस, आणि अंगात एवढ्या मोठ्या जनावराची ऊब. कातडं तसंच ठेवलं तर रात्री शून्याखाली गेलं तरी मागच्या मांडीच्या खुब्याशी मांस गरमच राहतं आणि आतून सडतं. बाहेरून काही कळत नाही. एका पोरांच्या टोळीने मादी मारली, कोथळा काढला, शेजारी उभं राहून तासभर फोटो काढले, कातड्यासकट चार भाग केले आणि कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्यांत भरून गाडीत टाकले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर मांडी उघडली. वरचं मांस लालभडक होतं. सुरी खुब्याच्या गोल हाडापर्यंत गेली तसा भपकारा आला आणि हाडाभोवती राखाडी-हिरवा थर दिसला. दोन्ही मांड्या गेल्या.

फोटो दोन मिनिटांत उरका. कातडं लगेच काढा, मांडी हाडापर्यंत चिरून उघडा आणि भाग जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत, झाडाच्या फांदीला, वारा लागेल असे टांगा. प्लास्टिक रानात आणूच नका. मी तर पोट न फाडताच आधी वरच्या कुशीचं कातडं, फरा, मांडी आणि पाठीचा पट्टा काढतो, मग जनावर उलटून दुसरी बाजू. मांस पाठीवरूनच न्यावं लागतं. मागची एक मांडी हाडासकट तीस किलोंच्या आसपास भरते, तेव्हा गाडीपासून तीन मैलांवर गोळी घालण्याआधी त्या चार-पाच फेऱ्यांचा विचार करा. नर की मादी याची नैसर्गिक खूण एका भागाला चिकटलेली ठेवायची, ती कापून टाकली तर वनरक्षकाला देण्यासारखं उत्तर तुमच्याकडे नसतं. परवान्याचा टॅग (जनावराला बांधायची चिठ्ठी) तिथेच, जागेवर, सही करून लावायचा.

मूसला एल्क समजणं

मूस हे एल्कहूनही मोठं, वेगळ्या जातीचं हरीण. १९७८मध्ये राज्याच्या उत्तरेकडच्या नॉर्थ पार्क खोऱ्यात मूस आणून सोडले, ते आता राज्यभर पसरलेत, आणि एल्क समजून मूस मारण्याचे प्रकार होत राहतात. एल्क अंगाने फिकट तपकिरी, मान गडद आणि बुडावर पिवळसर पांढरा ठप्पा. मूस सगळाच काळपट, नाक फुगीर, बुडावर ठप्पा नाही. एल्क तुम्हाला बघून पळतो, मूस बघत उभा राहतो. उभं राहून टक लावणारं जनावर दिसलं तर बोट घोड्यावरून काढा आणि दुर्बीण लावा. रायफलवरच्या दुर्बिणीतून जनावर ओळखायची सवय मात्र मोडाच. तिकडे कोण माणूस असेल ते कळायच्या आत त्याच्यावर नळी रोखलेली असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. सकाळी डोंगरावरची थंड हवा खाली वाहते, ऊन चढलं की वर जाते. म्हणून पहाटे वरून खाली उतरत जनावर गाठू नका, तुमचा वास तुमच्याआधी पोचतो. मी टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवून बघतो.

कळसूबाई १६४६ मीटर, आमचा तळ जवळपास ३००० मीटरवर. सह्याद्रीत पाय तयार झाले म्हणून इथे पहिल्याच दिवशी धावू नका. एक दिवस आधी या आणि पाणी प्या. डोकं दुखायला लागलं तर सांगा, लपवू नका.

केशरी किंवा गुलाबी झगझगीत कपडा कमरेच्या वर ५०० चौरस इंच आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. नक्षीदार केशरी चालत नाही. गाडीत रायफलच्या नळीत काडतूस नको. कुंपण नसलं, पाटी नसली तरी खासगी जमीन खासगीच, जखमी जनावर तिकडे गेलं तरी आधी मालकाची परवानगी.

१९४९पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं, तेव्हा ते उन्हाळ्यातच उरका. एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने एरवी मनाई आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. तो हातात येण्याआधी मित्राची बंदूक ‘जरा बघू’ म्हणूनही घेऊ नका.

आणि लांबच्या नेमाचं वेड. व्हिडिओत कोणी हजार यार्डांवर मारतो म्हणून तुम्हीही नवी दुर्बीण घेऊन येता. मेजावर वाळूच्या पिशवीला टेकून नेम धरणं वेगळं आणि चढ चढून छाती भात्यासारखी चालत असताना धरणं वेगळं. मी सप्टेंबरभर टेकडी चढून, धाप लागलेली असताना, बसून दहा-दहा गोळ्या झाडतो. अडीचशे यार्डांपलीकडे मी गोळी घालत नाही, आणि माझ्यासोबत येणाऱ्यालाही घालू देत नाही.

शेवटची चूक स्वयंपाकघरातली. एल्कच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. पाठीचा पट्टा मटणासारखा कुकरला लावला तर चामडं होतं. तो बोटभर जाड कापून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी असतानाच उतरवायचा. पायाच्या पिंढऱ्या मात्र फेकू नका, बरेच जण फेकतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून मंद आचेवर तीन तास ठेवल्या की हाडापासून आपोआप सुटतात. तांबड्या रश्श्याला आमच्याकडे त्याच लागतात.